सरळ उडताना थरथरणारं विमान

माझ्या नवऱ्याचा आजार आम्हाला आधी आकाशात दिसला, मग हातात.

डिसेंबरातला रविवार होता, सकाळची वेळ. नगरहून पाथर्डीकडे जाताना मोठा रस्ता सोडून थोडं आत गेलं की एक रान लागतं. बाजरी निघाली की ते मोकळंच पडायचं. तिथे आम्ही चौघं उभे होतो. ह्यांच्या हातात रिमोट होता आणि वर त्यांचं पिवळं विमान उडत होतं. माणसाने दोन्ही हात पसरले तर होईल एवढा त्याच्या पंखांचा पसारा. विमान वळलं, आमच्या डोक्यावरून सरळ पुढे निघालं, आणि त्याचे पंख थरथरताना मला दिसले. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाचे खांदे हलतात तसे. वळणावर गेलं की थरथर थांबायची. सरळ झालं की पुन्हा सुरू.

"वर वारं आहे," हे म्हणाले.

खाली झुळूकसुद्धा नव्हती. शेजारच्या वस्तीवरच्या चुलीचा धूर काठीसारखा उभा चालला होता. विमान नीट खाली उतरलं. ह्यांनी ते मांडीवर उलटं घेतलं आणि पंखाच्या मागची पट्टी हलवणारी छोटी मोटर बोटाने चाचपून पाहिली. तिला सर्व्हो म्हणतात. "सर्व्हो गेलाय," ते म्हणाले. मला तेव्हा ते पटलंही.

आमच्या क्लबाला ना पाटी होती, ना ऑफिस. रविवारी सकाळी त्या रानात जमणारी माणसं म्हणजे क्लब. कधी पुण्याहून कुणी यायचं, कधी कॉलेजची पोरं महिनाभर हौस करून जायची, पण कायमचे आम्ही चारच. सुभेदार, श्रीरामपूरचे रेडिओवाले, माझा नवरा आणि मी.

सुभेदार लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. जवान असताना त्यांच्या एका साहेबाला विमानांचं वेड होतं. त्या काळी ती दोरीला बांधलेली असायची. मधे उभं राहून दोरी धरायची आणि विमानाने भोवती गरगर फिरायचं. साहेबाला चक्कर यायची म्हणून दोरी धरायला सुभेदारांना उभं करायचे. "चक्कर साहेबाला, इमान मला," असं म्हणून सुभेदार अजून हसायचे. मिशी पांढरी झाली तरी रिमोट हातात घेतला की ते टाचा जुळवूनच उभे राहायचे.

रेडिओवाल्यांच्या वडिलांचं श्रीरामपुरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणापासून तारा, कॉईल, सोल्डरचा वास. रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्ही गेले, मोबाईल आले, पण नावात रेडिओ राहिला तो राहिलाच. विमान उडण्यापेक्षा जमिनीवरचं बोट वरच्या पंखाला कळतं कसं, याचंच त्यांना जास्त नवल. रविवारी ते आधी चर्चला जात, तिथे ऑर्गन वाजवत आणि मग मोटारसायकलवर थेट आमच्याकडे येत. त्यामुळे इस्त्रीच्या कपड्यांत रानात उतरणारे ते एकटेच.

माझा नवरा हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. त्यांना सगळे सर म्हणत. ते मूळचे पाथर्डीकडचे. आई आणि बापू, म्हणजे वडील, दर दिवाळीनंतर ऊसतोडीला कोपरगावच्या बाजूला जायचे आणि ह्यांना शाळेसाठी आत्याकडे ठेवायचे. आत्याच्या अंगणात बसून हे ज्वारीच्या वाळक्या धाटांची विमानं करायचे. धाट सोललं की आत पांढरा हलका भेंडा निघतो, आणि वरचं साल टाचणीसारखं वापरता येतं. बैलगाड्या सगळीच पोरं करत. हे विमान करत. खूप वर्षांनी, आमचं लग्न होऊन मुलगी शाळेत जायला लागल्यावर, सुभेदारांनी त्यांच्या हातावर पहिल्यांदा बाल्साचं लाकूड ठेवलं. विमानं त्याचीच करतात. ह्यांनी ते तोललं, नखाने दाबलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, हे तर धाटच आहे."

मी त्यात शिरले ती इस्त्रीमुळे. माझं पिको-फॉलचं आणि ब्लाउजचं छोटं दुकान आहे. बाल्साच्या सांगाड्यावर पातळ रंगीत फिल्म इस्त्रीने ताणून चिकटवावी लागते. जास्त तापली तर भोक पडतं, कमी तापली तर सुरकुत्या राहतात. ह्यांच्या हातून दोन्ही व्हायचं. एकदा मी त्यांच्या हातातली इस्त्री काढून घेतली, आणि तेव्हापासून आमच्या सगळ्या विमानांची कातडी मीच चढवली. उडवायला मात्र शिकले नाही. हे म्हणायचे, "शीक की." मी म्हणायचे, "तुम्ही आहात ना."

तर सर्व्हो बदलला. पुढच्या रविवारी विमान पुन्हा थरथरलं. मग दुसऱ्या पंखाचा बदलला. मग बॅटरी. मग रेडिओवाल्यांनी रिमोटच उघडून साफ करून दिला. प्रत्येक वेळी वळणावर विमान कसं शहाण्यासारखं वळायचं आणि सरळ झालं की थरथर.

शेवटी एका रविवारी सुभेदार पुढे झाले. "सर, जरा माझ्याकडं द्या बरं."

ह्यांनी रिमोट दिला. सुभेदारांनी विमान वर नेलं, रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ नेलं, परत आणलं. काचेवरून काच सरकावी तसं ते गेलं. पुन्हा नेलं. पंख जागचे हलले नाहीत. आम्ही चौघंही वर बघत होतो, कारण खाली एकमेकांकडे बघायचं धाडस कुणाला होत नव्हतं. विमान उतरल्यावर सुभेदारांनी रिमोट परत ह्यांच्या हातात दिला. हे म्हणाले, "छान झालं की मग. दुरुस्त झालं." आणि ते विमान उचलून आणायला निघाले. ते एवढे सावकाश चालतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचा उजवा हात चालताना हलत नव्हता. अंगाला चिकटून राहिला होता.

सुभेदार माझ्याजवळ आले. "वहिनी, इमानात काय बी न्हाई. सरांना डॉक्टरकडं न्या."

डॉक्टरांनी ह्यांना हात मांडीवर सैल ठेवायला सांगितले. उजवा अंगठा पहिल्या बोटावर घासल्यासारखा हलू लागला, तपकिरीची चिमूट चोळावी तसा. मग पेन उचलायला सांगितलं, तर थरथर गेली. "काम करताना हात शांत असतो, नुसता टेकवून ठेवला की कापतो," डॉक्टर म्हणाले. "पार्किन्सनमध्ये पुष्कळदा असंच होतं."

हे विज्ञानाचे शिक्षक. घरी येताना रिक्षात म्हणाले, "म्हणजे वळताना मी रिमोटची स्टिक हलवतो तेव्हा हात काम करतो. सरळ उडताना अंगठा नुसता टेकलेला असतो. म्हणून सरळ असताना थरथर. बरोबर आहे." वर्गात एखादं गणित सुटावं तसा त्यांचा आवाज होता. मी रिक्षाच्या बाहेर बघत बसले. घरी आल्यावर त्यांनी पिवळं विमान भिंतीवरून काढलं, त्याचे पंख सुटे केले आणि ते जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं.

त्यानंतर ते रानात गेले नाहीत. रविवारी सकाळी रेडिओवाल्यांचा फोन यायचा. हे मला हाताने खूण करायचे, नाही म्हणून सांग. मी सांगायचे. पलीकडून "बरं वहिनी" एवढंच यायचं, आणि पुढच्या रविवारी फोन पुन्हा वाजायचा.

फोन असाच येत राहिला. मग एक दिवस हे जेवताना म्हणाले, "थरथर पचवणारं विमान करता येईल."

मी विचारलं, "ते कसं?"

"मोठ्या पंखांचं. ग्लायडर. हळू उडणारं. त्याला हाताने एवढंसं हलवलं तर ते मनावरच घेणार नाही."

तो पावसाळा आम्ही त्यात घालवला. चाकू त्यांच्या हातात द्यायची मला भीती वाटायची, म्हणून कापणारी मी आणि सांगणारे ते. स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी फळी टाकून आम्ही बसायचो. "रेष सोडून काप. रेषेवर नको. घासायला जागा ठेव." ब्लाउज कापतानाही मी तेच करते, शिलाईला जागा सोडते, म्हणून मला ते लवकर जमलं. कधी कधी ते चिडायचे. त्यांना पाहिजे तसं माझ्या हातून होत नसे, आणि स्वतःच्या हाताने तर होणारच नव्हतं. एकदा त्यांनी पंखाची एक फासळी उचलून मोडली आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मी दुसरी कापली. परत आल्यावर तिच्याकडे बघून म्हणाले, "ही चांगली झालीय." आयुष्यात मी त्यांच्याबरोबर एवढा वेळ कधी बसले नव्हते. आजार घरात होता आणि तरीही त्या दिवसांत मी सुखी होते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

ग्लायडर पांढरं झालं, पोटाला निळी पट्टी. पंख एवढे लांब की दारातून तिरके काढावे लागत. रेडिओवाल्यांनी रिमोटमध्ये असं काही बसवून दिलं की स्टिक मधल्या जागेच्या आसपास थोडी हलली तर विमानाला कळूच नये. सुभेदारांनी ग्लायडर डोक्यावर धरून पळत जाऊन फेकलं, छोटी मोटर घुमली आणि ते वर गेलं. वर गेल्यावर ह्यांनी मोटर बंद केली. आवाज थांबला. ते मोठं पांढरं विमान आमच्यावरून सरळ गेलं. पंख स्थिर होते. मी ह्यांच्या हाताकडे पाहिलं. अंगठा कापत होता.

सुभेदार ओरडले, "वा सर! लोणी!"

हे हसले. त्या वेळेपर्यंत त्यांचा चेहरा ताठ व्हायला लागला होता. हसू डोळ्यांत यायचं पण ओठांपर्यंत पोचायला त्याला वेळ लागायचा. त्या सकाळी ते पोचलं.

आम्हाला दोन हिवाळे मिळाले. मी त्या ग्लायडरला फार मानते.

ते रान ज्या नवरा-बायकोचं, त्यांना आम्ही मामा-मामी म्हणायचो. ते दिवाळीनंतर रानातल्या घराला कुलूप लावून ऊसतोडीला जायचे आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायचे. म्हणूनच हिवाळाभर रान आम्हाला मिळायचं. आमच्यातल्या कुणी "रिकामं रान" म्हटलेलं ह्यांना चालत नसे. "रिकामं नाही, माणसं कामाला गेलीत," असं म्हणायचे. मामा-मामी परत आले की पाडव्याची साखरेची गाठी घेऊन हे त्यांच्याकडे जायचेच. एका पाडव्याला ग्लायडरही बरोबर नेलं. मामी ओसरीवर बसून बघत होती. विमान उतरल्यावर तिने विचारलं, "सर, लई हळू जातंय हे. पडत कसं न्हाई?"

हे तिच्याजवळ बसले आणि हात पुढे करून पंखावरून हवा कशी जाते ते दाखवायला लागले. हात एवढा कापायला लागला की काय दाखवतायत ते कळेना. ते थांबले. मामीने त्यांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिचे तळवे कोयत्याने राठ झालेले. हात तसाच धरून ठेवून म्हणाली, "आता बोला." आणि त्यांनी सगळं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती.

दुसऱ्या हिवाळ्यात मी उडवायला शिकले. आता "तुम्ही आहात ना" म्हणायची सोय राहिली नव्हती. दोन रिमोट एका तारेने जोडता येतात, शिकणाऱ्याच्या हातात एक आणि शिकवणाऱ्याच्या हातात एक. चुकलं की शिकवणारा बटण सोडतो आणि विमान त्याच्या ताब्यात येतं. आधी शिकवणाऱ्याचा रिमोट सुभेदारांकडे असायचा आणि हे माझ्या कानाशी उभे राहून बोलायचे. "विमान तुझ्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं. तू विमानात बसलीयस असं समज." मी पुष्कळ वेळा चुकले. हिवाळा संपेपर्यंत मला जमलं.

आणि तिसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला तीच तार उलटी जोडायची वेळ आली. ह्यांच्या हातात शिकणाऱ्याचा रिमोट आणि माझ्या हातात शिकवणाऱ्याचा. सुभेदारांनी हे सुचवलं तेव्हा ह्यांनी तारेची दोन्ही टोकं हातात घेऊन पाहिली. मग म्हणाले, "बरोबर आहे. सुरक्षित आहे ते." आणि माझ्याकडे बघून, "बाई, लक्ष असू द्या हं." शाळेतली मुलं बाईंना म्हणतात तसं. सगळे हसलो.

त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. ग्लायडर वर गेलं, ह्यांनी मोटर बंद केली, एक मोठं वळण घेतलं आणि डोंगराच्या दिशेने सरळ केलं. मी बटण दाबून धरलं होतं. विमान सरळ जात राहिलं. मी म्हटलं, "वळवा आता." विमान जात राहिलं. "अहो, वळवा." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते वर बघत होते. दोन्ही अंगठे स्टिकवर होते आणि कापतही नव्हते. सगळा माणूस थांबला होता. या आजारात असं होतं, पाय दाराच्या उंबऱ्यावर अडतात, हे घरी सुरू झालं होतं. हात असे अडतील हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सुभेदार म्हणाले, "वहिनी, घ्या."

मी बटण सोडलं. विमान तोवर पांढऱ्या टिंबाएवढं झालं होतं, ते कुठल्या बाजूला झुकलंय तेही दिसत नव्हतं. त्यांनी शिकवलं होतं तसं मी हळूच वळवलं आणि थांबले. टिंबाची रेघ झाली, रेघेचे पंख झाले. ते आमच्याकडे येत होतं. मी ते खाली आणलं आणि मामांच्या बांधाच्या अलीकडे गवतात उतरवलं. आयुष्यात मी केलेलं ते सगळ्यात चांगलं लँडिंग.

हे अजून वर बघत होते. मग मान खाली आली. त्यांनी विचारलं, "मी उतरवलं का?"

रेडिओवाले पटकन पुढे होऊन काहीतरी बोलणार होते. मी त्यांना थांबवलं. आम्ही दोघं एकमेकांना खरं सांगत आलो होतो. मी म्हटलं, "नाही. तुमचे हात थांबले होते. मी उतरवलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "कसं उतरवलंस?"

"तुम्ही सांगितलं होतं तसं."

त्यांनी मान हलवली. रिमोटची तार काढायचा प्रयत्न केला. बोटांना ती निघेना. रेडिओवाल्यांनी काढून दिली. ह्यांनी आपला रिमोट त्यांच्याच हातात ठेवला आणि म्हणाले, "हा तुमच्याकडे राहू द्या." मग मला म्हणाले, "घरी जाऊ या." गाडीत बसेपर्यंत सुभेदार त्यांना धरून चालले. गाडी निघाल्यावर मी आरशात पाहिलं. सुभेदार ग्लायडर आणायला बांधापर्यंत गेले होते आणि ते उचलायचं सोडून त्याच्याजवळ खाली बसले होते.

हे पुन्हा कधीच रानात गेले नाहीत.

पुढचं सगळं सांगत नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांच्या घरात नाही त्यांच्या घरात होऊ नये. औषधं वाढत गेली. मुलगी पुण्याहून येऊन-जाऊन करत होती. सुभेदार रविवारी घरी यायला लागले, ह्यांची दाढी करायचे, न बोलता, तोंडातल्या तोंडात परेडचा ताल म्हणत. रेडिओवाले चर्चनंतर यायचे. दोघं विमानांबद्दल बोलायचे नाहीत. हेच कधी विचारायचे, "वारं कसं होतं?" ते दोघंही आता रानात जात नाहीत हे ह्यांना ठाऊक नव्हतं. सुभेदार सांगायचे, "बरं हुतं. जरा उत्तरेकडून."

शेवटच्या वर्षी ह्यांना नसलेली माणसं दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, आजारानेही होतं आणि औषधानेही. घाबरू नका, वाद घालू नका. एका दुपारी मी त्यांना भात भरवत होते. त्यांनी घास तोंडात तसाच धरला आणि दाराकडे बघायला लागले.

"आई आलीय," ते म्हणाले.

त्यांची आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मी दाराकडे पाहिलं. पायपुसणं होतं आणि ऊन.

"बापूही आहेत. गाडी लागलीय बाहेर. निघाले." मग अगदी हळू, माझ्याकडे वाकून, कुणी ऐकू नये तसं म्हणाले, "या वेळी मला नेणार का, विचार ना."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. चाळीस मुलांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारा माणूस. कधी लहानपणाबद्दल बोलले तर आत्या फार चांगली होती, एवढंच सांगणारा.

मी दाराकडे तोंड करून विचारलं, "नेणार का ह्यांना?" थोडी थांबले. मग म्हटलं, "हो म्हणतात. नेणार आहेत."

"मग शाळा?"

"शाळेला सुट्टी आहे."

त्यांनी घास गिळला. बऱ्याच दिवसांनी एवढा नीट गिळला. "विमानं नकोत घ्यायला," ते म्हणाले. "कोपीत जागा नसते."

कोपी म्हणजे ऊसतोडीवाल्यांची पाचटाची झोपडी. दारातून वाकूनच शिरावं लागतं. मी म्हटलं, "नाही घेत." त्यांनी डोळे मिटले. मी भांडी उचलून आत गेले, नळ मोठा सोडला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

माघातल्या एका सकाळी ते गेले. छातीत कफ साठला होता आणि खोकून तो काढायची ताकद राहिली नव्हती. मुलगी उशाशी होती, मी पायाशी. त्यांचा उजवा हात माझ्याकडच्या बाजूला चादरीवर होता. इतकी वर्षं नुसता टेकला की कापत राहिलेला तो अंगठा शांत झाला, तेव्हा मला कळलं. मुलीच्या आधी मला कळलं.

अमरधाम स्मशानात सुभेदारांनी कडक सॅल्यूट केला आणि हात खाली घ्यायचं विसरले. रेडिओवाल्यांनी जाऊन तो खाली आणला. दहाव्याला सुभेदार मला म्हणाले, "वहिनी, एकदा ग्लायडर उडवू या का, सरांसाठी?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मला ते वर बघवणार नव्हतं. अजूनही बघवेल असं वाटत नाही.

पाडव्यानंतर मी एकटीच रानात गेले. गाडी चालवावीशी वाटेना म्हणून एसटीने गेले आणि फाट्यावर उतरून चालत निघाले. गाठी घेतली होती. न नेणं बरं दिसलं नसतं, एवढाच विचार केला होता. मामा-मामी दोन दिवसांपूर्वीच परतले होते. अंगणात गोधड्या, पेटी, भांड्यांची पोती तशीच पडलेली. मामी घर सारवत होती. मला बघून तिने शेणाचा हात वर धरला आणि तोंडभर हसली.

"या की! अन् सर कुठं हायेत? गाडीतच बसलेत व्हय?"

तिला कसं कळणार? ज्या सकाळी हे गेले त्या सकाळी ती कोपरगावकडे कुठल्या तरी फडात ऊस तोडत होती. तिला कळवायचं आमच्यातल्या कुणाला सुचलंच नव्हतं. पेपरात बातमी आली, शाळेत शोकसभा झाली, घरी शेकड्याने माणसं येऊन गेली. या घराला कुलूप होतं.

मी गाठी पुढे धरून उभी होते. मामीचं हसू हळूहळू उतरलं. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं. मी टिकली लावणं सोडलं नव्हतं, मुलीने सोडू दिलं नव्हतं, त्यामुळे कपाळावरून तिला काही समजेना.

"मामी, सर गेले," मी म्हटलं. "माघात."

ती आहे तिथे ओल्या सारवणातच बसली. आणि मोठ्याने रडायला लागली, गावाकडे बायका रडतात तशी, माणसाला हाका मारून. "अहो सर, आम्हाला न सांगता कसं हो गेलात? आमी एवढ्या लांब, आम्हाला कोन सांगनार हुतं?" मामा गोठ्यातून पळत आले आणि तिला बघून काय झालं ते न विचारताच समजले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

तोवर मी रडले नव्हते. अमरधाममध्ये नाही, दहाव्याला नाही. मुलीला आधार, आल्यागेल्याचं चहापाणी, दुकान, सगळं मी कोरड्या डोळ्यांनी केलं होतं, आणि आता आपलं रडणं राहूनच जाणार असं मला वाटायला लागलं होतं. मामीशेजारी ओल्या जमिनीवर मी खाली बसले. तिने शेणाच्या हाताने मला जवळ ओढलं. मी किती वेळ रडले ते मला माहीत नाही. मामांनी चूल पेटवली होती. कोरा चहा झाला, कारण दूध अजून कुणाकडे लावलं नव्हतं. तो आम्ही तिघांनी घेतला.

निघताना मामीने माझ्या साडीला पाठीकडे लागलेलं शेण पाण्याने पुसायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, राहू द्या. फाट्यापर्यंत ती माझ्याबरोबर चालत आली. एसटी येईपर्यंत आम्ही बाभळीच्या सावलीत उभ्या होतो. गाडी आली तेव्हा ती म्हणाली, "पुढल्या पाडव्याला या. एकट्याच या, पन या."

मी हो म्हटलं आणि गाडीत चढले.